मुद्दाम न झाडलेला कोपरा

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, पंपाच्या खोलीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, एक पट्टी आहे. बारा फूट रुंद, नव्वदेक फूट लांब. तिथे एका गंजक्या खांबावर पत्र्याची पाटी आहे: 'हा कोपरा मुद्दाम झाडलेला नाही.' तिच्याखाली कुणीतरी खडूनं लिहिलंय, 'आळस नव्हे'. पावसात ते पुसलं जातं आणि कुणीतरी पुन्हा लिहितं. कोण ते मी कधी पाहिलेलं नाही. संशय तळमजल्यावरच्या काकूंवर आहे.

ही पाटी लागायला तीन वर्षं आणि दोन वार्षिक सभा गेल्या. झाडं लावायला त्याच्या निम्माही वेळ लागला नव्हता.

आमची इमारत कोथरूडातली, १९८६ सालची. तीन मजली, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. टेकडी चालत पंधरा मिनिटांवर. मी इथे राहायला आले तेव्हा ही मागची पट्टी इतकी स्वच्छ असायची की पाहुण्यांना दाखवावी. दर रविवारी माळीमामा खराटा घेऊन मुरूम उघडा पडेपर्यंत ती झाडायचे, पाला भिंतीशी गोळा करायचे आणि काडी लावायचे. तिसऱ्या मजल्यापर्यंत धूर यायचा, वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागायचा, पण कुणी तक्रार करायचं नाही. धूर म्हणजे काम झाल्याची पावती. पट्टीत एक शेवगा, एक आपोआप उगवलेला आंबा, भिंतीच्या भेगेतून वर आलेलं उंबराचं रोप (दरवर्षी छाटायचं, दरवर्षी यायचं) आणि काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कढीपत्त्याचं झाड. बाकी उघडी जमीन.

सुरुवात त्या कढीपत्त्यापासून झाली. पर्यावरणाच्या कळकळीनं झाली असं सांगायला आवडलं असतं, पण तसं नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात काकूंनी मला खिडकीतूनच हाक मारली. "अगं, कढीपत्त्यावर किडे पडलेत. पेस्ट कंट्रोलवाला आलाय तुमच्या जिन्यात, त्याला जरा इकडे पाठव." मी बघायला गेले. पानांवर पक्ष्यानं शिटल्यासारखे पाच-सहा काळपट-पांढरे ठिपके होते, ओलसर, चकचकीत. त्यातला एक हलला. शेजारच्या फांदीवर करंगळीएवढी जाड हिरवीगार अळी होती, डोक्याच्या वरच्या बाजूला डोळ्यांसारखी नक्षी. मी वाळक्या काडीनं तिला हळूच टोचलं, तशी तिनं डोकं मागे घेतलं आणि मानेतून केशरी रंगाचं दुहेरी शिंग बाहेर काढलं. त्याबरोबर आंबूस, कुबट असा एक वास आला. काकू "अगं बाई!" म्हणून खिडकीतून मागे झाल्या. मग परत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "परत कर बघू."

पेस्ट कंट्रोलवाला जिन्यातूनच परत गेला.

ती लिंबाळी फुलपाखराची अळी होती. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग, मोठेपणी हिरव्या पानाचं, आणि तरीही कुणी हात लावलाच तर ते शिंग. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. चाळीस वर्षं खातेवह्या सांभाळलेल्या बाईला रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर मोजायला काहीतरी मिळालं. त्यांनी जुन्या डायरीत रकाने आखले: अंडी, लहान अळ्या, मोठ्या अळ्या, कोष, उडाले. आठवडाभरानं त्यांना एक रकाना वाढवावा लागला: गहाळ. पहिल्या खेपेचा हिशेब मी पाहिलाय. अंडी चौदा, लहान अळ्या अकरा, मोठ्या चार, कोष दोन, उडालं एक. त्या उडालेल्या एकापुढे त्यांनी तारीख, वेळ आणि 'काळ्यावर फिकट पिवळे ठिपके, मागल्या पंखाला लाल टिकली' एवढं लिहिलंय. बाकी सगळं गहाळ.

त्या गहाळ रकान्यानं त्या अस्वस्थ झाल्या. बँकेत एका रुपयाचा फरक आला तरी रात्री आठपर्यंत बसायची सवय. मग त्यांनी पाळत ठेवली. एक अळी गांधीलमाशीनं उचलली. दोन शिंपी पक्ष्यानं नेल्या. तो पक्षी खिडकीच्या गजावर बसून, तोंडात अळी घेऊन इकडे-तिकडे बघायचा आणि आंब्याच्या पलीकडे गडप व्हायचा. चार दिवसांनी काकूंनी 'गहाळ' खोडून तिथे 'खर्ची' लिहिलं. त्यांच्या मते हा फार मोठा फरक आहे. आपल्या अंगणातले बरेचसे पक्षी, अगदी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा, पिल्लांना भरवतात ते किडे आणि अळ्याच. तांदूळ आणि पोळीच्या तुकड्यांवर चिमणीचं पिल्लू वाढत नाही. म्हणजे ज्या बागेत पान कुरतडलेलं नाही तिथे पिल्लू वाढायची शक्यताही कमीच.

तोवर आमचा उत्साह वाढला होता. आम्ही पाचजण. मी, काकू, पहिल्या मजल्यावरचं आयटीतलं जोडपं आणि 'सी' विंगमधले एक आजोबा, जे फक्त खुर्ची टाकून बसायचे आणि सूचना करायचे. वर्गणी काढून नर्सरीतून 'फुलपाखरू बाग' आणली. म्हणजे झिनिया, पेंटास, घाणेरीच्या रंगीत जाती, असं सगळं. पंधरा दिवसांत फुलपाखरंही आली. फोटो निघाले. सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे उमटले. आणि महिन्याभरात लक्षात आलं की ती येतात, मध पितात, निघून जातात. एकही अंडं नाही, एकही अळी नाही. खाणावळ झाली होती, माहेर नाही. बाळंतपणाला ती आपली वेगळीकडेच जात होती.

कारण तसं सोपं आहे. मध कुठल्याही फुलाचा चालतो, पण अळीला ठरावीक झाडाचंच पान लागतं. लिंबाळीला लिंबू, बेल, कढीपत्ता. पिवळसर पांढऱ्या एमिग्रंटला बहावा, टाकळा. टेल्ड जेला आपण कुंपणाला लावतो तो उंच खोटा अशोक, सोनचाफा, सीताफळ. रेड पिएरोची अळी तर पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून गर खाते, वरून फक्त पान फुगल्यासारखं, काळपट दिसतं. असलं पान बघून आपण कुंडीच फेकून देतो. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, आपलं राणी पाकोळी, २०१५ मध्ये जाहीर झालं. त्याची अळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. राज्याच्या मानचिन्हाला आपल्या दारातल्या पपनशीवर औषध मारून आपण मारतो, आणि मग त्याचं चित्र भिंतीवर काढतो.

हे सगळं आम्ही इंटरनेटवर वाचत बसलो होतो आणि ज्याला माहीत होतं तो माणूस खराटा घेऊन बाजूला उभा होता.

माळीमामा मूळचे वेल्ह्याकडचे. एक दिवस मी फोनवर वाघाटीच्या वेलीचा फोटो बघत होते, तर मागून म्हणाले, "ताई, ही काय करायची? काटं लई असत्यात हिला." त्यांना ती वेल माहीत होतीच. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, उपास सोडताना वाघाटीच्या फळांची भाजी करायची रीत आहे. पुण्याच्या मंडईत त्या दोन दिवसांत ती फळं सोन्याच्या भावानं विकली जातात. त्याच वेलीवर चार-पाच जातींची फुलपाखरं अंडी घालतात हे मामांना कुणी शिकवलेलं नव्हतं, पण "तिच्यावर पिवळी पाखरं लई" एवढं त्यांना ठाऊक होतं. पुढच्या खेपेला गावाहून येताना ते गोणपाटात गुंडाळून रोप घेऊन आले. बरोबर खुळखुळ्याच्या शेंगा, कोरांटीच्या काड्या आणि एक भारंगीचं रोप. एवढं सगळं जाणणाऱ्या माणसाला आम्ही इतकी वर्षं पगार देत होतो तो हेच सगळं झाडून टाकण्यासाठी.

मी त्यांना म्हटलं, "मामा, मागची बाजू आता झाडू नका." ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, झाडलं न्हाई तर लोक म्हणतील मामा बसून पगार खातोय." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या कामाचा दाखला म्हणजे ती उघडी जमीन होती. पाला तसाच राहिला तर त्यांची बाजू कोण घेणार?

मला माझं आजोळ आठवलं ते त्या रात्री.

आजोळ गुहागरचं. आजीचं पुढचं अंगण शेणानं सारवलेलं, काठाला रांगोळी, मध्ये तुळस. तिथे एक पान पडलं तरी तिला चालायचं नाही. पण मागीलदारी वेगळाच कारभार. न्हाणीचं पाणी जायचं तिथे अळूचं बन, त्याला लागून केळी, मग पपनस, रातांबा, कढीपत्ता, भिंतीशी सरपणाचा ढीग, त्याच्याशेजारी नारळाच्या सोडणांचा ढीग. विहिरीजवळ दगडी डोणी, त्यात कायम थोडं पाणी. दुपारी दयाळ पक्षी त्यात बिनधास्त अंघोळ करायचा आणि कडेच्या ओल्या मातीतून कुंभारीणमाशी तिच्या मडक्यांसाठी चिखलाचे गोळे न्यायची. त्या जागेवर खराटा फिरायचा तो पायवाटेपुरता. आजीला कुणी जैवविविधता शिकवलेली नव्हती. मागची बाजू अशीच असते, एवढंच तिला माहीत होतं.

आता यात उगाच गोडवा घालायला नको. त्या सोडणांच्या ढिगात फुरसं निघायचं. आजी अंधार पडल्यावर कंदिलाशिवाय मागीलदारी पाऊल टाकायची नाही आणि आम्हाला तर टाकूच द्यायची नाही. भय होतं, पण भयापोटी तिनं ती जागा साफ केली नाही. कंदील घेतला.

माझ्या डोक्यात तेव्हापासून हेच बसलंय. आपल्या घरांना पूर्वी दोन बाजू होत्या, अंगण आणि परस. अंगण लोकांसाठी, परस कामासाठी, आणि त्या कामाच्या पसाऱ्यात इतरही कितीतरी जिवांचं भागायचं. फ्लॅटमध्ये आलो आणि आपण चारही बाजूंचं अंगण करून टाकलं. पेव्हर ब्लॉक, कारपेट लॉन, कोपऱ्यात एक सायकस. परस म्हणजे आता 'बॅक साइड', आणि बॅक साइडचा अर्थच मुळी लाज वाटावी अशी जागा.

तर सभेत मी हे असंच मांडलं. पुढची बाजू अंगण, तिथे हवं तेवढं झाडा. मागची नव्वद फूट परस म्हणून सोडा. सभेत अर्ध्या मिनिटाची शांतता झाली. मग दुसऱ्या मजल्यावरचे एकजण म्हणाले, "आणि साप आला तर?"

सगळी चर्चा तिथेच अडकली, आणि अडकायला हवीच होती. त्यांच्याकडे नातू होता. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं घेऊन कुणाला 'निसर्गाचा समतोल' सांगणं हा उद्धटपणा आहे. त्या वर्षी ठराव बारगळला. पुढच्या पावसाळ्यात खरोखरच पंपाच्या खोलीमागे एक लांबलचक धामण दिसली, आरडाओरडा झाला, सर्पमित्र आले, तिला पिशवीत घालून घेऊन गेले. जाताना म्हणाले, "बिनविषारी आहे, उंदीर खायला आली होती." हिवाळ्यात पंपाच्या खोलीखाली घुशींनी एवढी माती उकरली की फरशी खचली. मिस्त्रीचं बिल सभेच्या टेबलावर आलं तेव्हा मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

दुसऱ्या वर्षी तडजोड झाली. खेळायच्या जागेपासून पंधरा फुटांपर्यंत गवत छाटलेलं राहील. विटांचे, लाकडांचे ढीग इमारतीला टेकून नाहीत, भिंतीच्या बाजूला. संध्याकाळी तिकडे दिवा. आणि डासांचा प्रश्न. तो मीच ओढवून घेतला होता. आधीच्या वर्षी आम्ही सिमेंटचा छोटा हौद केला आणि डास होऊ नयेत म्हणून त्यात गप्पी मासे सोडले. डास झाले नाहीत, खरंय. पण पहिल्या पावसात दोन बेडकांनी तिथे अंडी घातली आणि आठवड्यात त्यातलं काही उरलं नाही. गप्पी दक्षिण अमेरिकेतले. त्यांना आमच्या बेडकाचं काय? हौद बुजवला. आता तिथे पसरट मातीची परळं आहेत, दोन बोटं पाणी, मध्ये मधमाश्यांना बसायला खडे. दर दोन दिवसांनी पाणी ओतून नवीन भरायचं, म्हणजे डासाच्या अळीचा डास व्हायला वेळच मिळत नाही. ही पाळी लावलीय आणि ती पाळण्यात सगळ्यात चोख माणूस म्हणजे सापाचा प्रश्न विचारणारे ते दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ.

पाटीची कल्पना माझी नाही. माझी मावसबहीण अमेरिकेत मेरीलँडला असते. तिच्या घरापुढे एक छोटी पाटी आहे, नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनची. ही संस्था १९७३ पासून घराभोवतीच्या बागांना असं प्रमाणपत्र देते: अन्न, पाणी, आडोसा आणि पिल्लं वाढवायला जागा, एवढं असलं आणि बाग विषारी औषधांवर चालत नसली की झालं. मला ते आधी जरा अमेरिकन वाटलं, म्हणजे चिमण्यांनाही सर्टिफिकेट. पण ती म्हणाली, "अगं, पाटी पक्ष्यांसाठी नाहीये. शेजाऱ्यांसाठी आहे." तिच्याकडे हिरवळ इंचभर जास्त वाढली तर वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र येतं. शेवटी मेरीलँड राज्याला २०२१ मध्ये कायदा करावा लागला की अशा असोसिएशनना देशी झाडांची, फुलपाखरा-मधमाश्यांसाठी केलेली बाग सरसकट नाकारता येणार नाही. एका जोडप्याच्या बागेवरून चाललेल्या भांडणातून ते प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं होतं. म्हणजे तिथेही अडचण झाडांची नाही, शेजाऱ्यांचीच. बाग विस्कटलेली आहे की विस्कटू दिलेली आहे, हे बाहेरून कळत नाही. ते सांगावं लागतं.

तिच्या बागेत मिल्कवीड आहे, मोनार्क फुलपाखरासाठी. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या भावकीतलं झाड, आणि मोनार्क आपल्या प्लेन टायगरचा चुलतभाऊ. दोघांच्याही अळ्या विषारी चीक असलेली पानं खातात, ते विष अंगात साठवतात आणि पक्ष्यांपासून वाचतात. मी उत्साहानं रुई लावायचा प्रस्ताव मांडला तर सेक्रेटरी म्हणाले, "नको, विषारी असते." दर शनिवारी ते मारुतीला रुईच्या पानांची माळ घेऊन जातात. मी तेवढं फक्त आठवण करून दिली. रुई आली.

पाटी लागली तेव्हा मामांनी ती दोनदा वाचून घेतली. त्यांच्या दृष्टीनं ते पगाराचं संरक्षण होतं. आता पाला जाळत नाहीत. भिंतीलगत तारेच्या जाळीचे तीन कप्पे केलेत, पाला त्यात जातो आणि वर्षभरानं काळं, भुसभुशीत खत होऊन निघतो. पुण्यात अदिती देवधर यांनी 'ब्राऊन लीफ' नावानं हेच काम गावभर केलंय. ज्यांच्याकडे वाळका पाला आहे आणि ज्यांना तो हवाय त्यांची गाठ घालून दिली. आमच्याकडे तर पाला बाहेर द्यायलाच उरत नाही. त्या कप्प्यांभोवती सातभाईंचं टोळकं रोज सकाळी कलकलाट करत पानं उलथीपालथी करतं. सापसुरळ्या दिसायला लागल्या. शेवग्याची एक फांदी वाळली होती, ती कापायला माणूस आला तेव्हा कुणीतरी त्याला थांबवलं, कारण तिच्या खालच्या अंगाला गोल भोक पडलं होतं. तांबट पक्ष्यानं कोरलेलं. तांबटाला मेलेलं, मऊ लाकूडच लागतं. वाळकी फांदी म्हणजे धोका, हेही खरंच, म्हणून रस्त्याकडच्या कापतो आणि आतल्या ठेवतो.

पण सगळ्यात जास्त मी शिकले ती जळमटांवरून.

गेल्या श्रावणात शिंप्यानं माझ्या खिडकीसमोरच्या आंब्याच्या पानांचं घरटं केलं. दोन पानं जवळ ओढून कडांना चोचीनं भोकं पाडतो आणि त्यातून कापूस, धागे, कोळ्याची जाळी ओवतो. टाके मी दुर्बिणीतून पाहिले. आपण ज्याला टाका म्हणतो तसा तो सलग नसतो. प्रत्येक भोकापाशी धागा बाहेर येऊन कापसाच्या बोंडासारखा फुगतो आणि अडकतो, रिव्हेटसारखा. त्याच सुमारास जिन्याच्या तावदानापाशी जांभळ्या शिंजीराची मादी दिवसातून दहादा यायची. काचेवर आपटत नव्हती, काही खात नव्हती. कोपऱ्यातलं जळमट चोचीत धरून, मान हलवून ते गुंडाळायची आणि निघून जायची. तिचं लोंबतं घरटं मुळी त्या जाळ्यानंच बांधलेलं असतं. आणि आमच्या साफसफाईच्या कंत्राटात दर महिन्याला एक ओळ होती: जिने, जळमटे काढणे. आम्ही दरमहा पैसे देऊन शिंजीराचं सिमेंट पळवत होतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती ओळ आता काढलीय. दिवाळीत हवं तेवढं झाडा.

शिंप्याच्या घरट्यात तीन पिल्लं होती. बारा दिवस उबवली, साधारण तेवढ्याच दिवसांत उडाली. त्या काळात काकूंच्या डायरीत 'खर्ची' रकाना भरभरून वाहिला.

सगळंच छान चाललंय असं नाही. मांजरं आहेत. भटक्या मांजरांना रोज संध्याकाळी दूध-भात घालणाऱ्या आमच्याच इमारतीतल्या आजी आहेत, आणि त्याच मांजरांनी दयाळाची दोन पिल्लं उचलली. मी काहीच करू शकले नाही. कबुतरांचंही तसंच. मुंबईत २०२५ च्या पावसाळ्यात कबुतरखान्यांवरून केवढं रान पेटलं; आमच्याकडे ते भांडण छोट्या प्रमाणावर गच्चीत रोज चालतं. ज्वारीची मूठ टाकणं हे मला पक्ष्यांसाठी काही करणं वाटत नाही. टाकणाऱ्यांना वाटतं. मी त्यांना वाघाटी दाखवते, ते मला पुण्य दाखवतात.

लोक विचारतात, नव्वद फुटांनी काय होणार? प्रश्न चुकीचा नाही. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत राजेंद्र ओवळेकरांनी घरच्या जमिनीवर अळ्यांची झाडं आणि फुलझाडं लावून शंभराहून अधिक जातींची फुलपाखरं आणली. धारावीच्या कडेचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर सदतीस एकरांचं, मूळचं कचऱ्याचं डम्पिंग. त्यांच्यापुढे आमची पट्टी म्हणजे टिकली. पण टेकडीवरून नदीकडे जाणाऱ्या पक्ष्याला मध्ये टेकायला एक फांदी, तेवढं तर आहे. भिंतीतलं ते उंबर आम्ही छाटायचं थांबवलं नाही, इंजिनिअर ओरडतो. पण त्याचंच एक रोप मामांनी कोपऱ्यात मोकळ्या जमिनीत लावलं. गेल्या मार्चमध्ये त्याला पहिली फळं धरली आणि एका सकाळी राखी धनेशांची जोडी येऊन बसली. अख्खी सोसायटी ब्रशसकट गॅलरीत. धनेशाला घरटं करायला जुन्या, जाड झाडाची ढोली लागते. ती आमच्याकडे नाही, पन्नास वर्षं तरी होणार नाही. ते उंबर खाऊन गेले.

पन्नास वर्षं. लिहिताना हसू आलं.

जानेवारीत नोटिस बोर्डावर कागद लागला: पुनर्विकासाबाबत विशेष सर्वसाधारण सभा. मी बाजूनं हात वर केला, लपवत नाही. काकूंचे गुडघे गेलेत, तिसऱ्या मजल्यावरच्यांना लिफ्ट हवीय, पाइप गळतात. नव्या नकाशात मागची पट्टी 'ड्राइव्ह-वे' आहे, अग्निशामक गाडी फिरायला तेवढी रुंदी लागतेच. नकाशात हिरव्या रंगानं पाच गोल दाखवलेत. त्यावर काय लावणार म्हणून मी विचारलं. "लँडस्केपिंग," असं उत्तर आलं.

मामा आता दर आठवड्याला फांद्या लावताहेत, पिशव्यांमध्ये. कोरांटी बारा, भारंगी चार, वाघाटी जगत नाहीये. समोरच्या सोसायटीनं दोन डझन रोपं मागितलीत. त्यांच्याही मागे एक पट्टी आहे. त्यांच्या सेक्रेटरींनी पहिला प्रश्न सापाचाच विचारला. मी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना त्यांच्याकडे पाठवलं.

परवा आर्किटेक्टच्या ऑफिसातून दोन मुलगे मोजमापाला आले. एकानं टेप पंपाच्या खोलीशी धरली, दुसरा ती ओढत भिंतीकडे निघाला, थेट आंब्याखालून. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ परळांतलं पाणी बदलत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"अहो, टेप जरा त्या बाजूनं घ्या. इथे शिंप्याचं घर आहे."

मुलानं वर पाहिलं, त्याला काही दिसलं नाही. पण त्यानं टेप गुंडाळली आणि भिंतीच्या बाजूनं पुन्हा मोजायला सुरुवात केली.